भाकरीची तीन धान्ये

ज्वारी, बाजरी आणि नाचणी या तिन्ही धान्यांत ऊर्जा जवळपास सारखीच असते: १०० ग्रॅम कोरड्या धान्यात साधारण ३२० ते ३५० किलोकॅलरी. पांढऱ्या तांदळाचा आकडाही याहून फारसा वेगळा नाही. फरक दिसतो तो खनिजांत आणि तंतूंत.

नाचणीतले कॅल्शियम १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम, म्हणजे ज्वारी-बाजरीच्या दहापटीहून अधिक. प्रथिनांत मात्र ती मागे पडते. तिच्यात प्रथिने जेमतेम ७ टक्के, तर बाजरीत सुमारे ११ आणि ज्वारीत १० टक्के. लोहात बाजरी पुढे आहे. तिच्यात स्निग्धांशही अधिक, सुमारे ५ टक्के. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते ते त्यामुळेच. ते ताजे दळून आणण्याची घरोघरची रीत उगाच पडलेली नाही.

आकडे कोरड्या धान्याचे असतात, हे बहुतेक तक्ते ठळकपणे सांगत नाहीत. भाकरीत पाणी असते, म्हणून १०० ग्रॅम भाकरीतून यापेक्षा कमीच मिळते. शिवाय धान्यातले फायटेट लोह व कॅल्शियम धरून ठेवते आणि शरीराला ते पूर्ण लाभत नाही. नाचणी भिजवून, मोड आणून सत्त्व केले की फायटेट घटते. लिंबाच्या फोडीतले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. तिन्ही धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. ती उणीव भाकरीसोबतचे पिठले किंवा मटकीची उसळ भरून काढते.