धष्टपुष्ट कोंबडीचीही तपासणी का हवी?

गावठी कोंबडी विकत घेताना ग्राहक तिचा तुरा पाहतो, वजन अजमावतो, डोळ्यांतील तेज न्याहाळतो. मात्र पक्ष्यांचे काही घातक रोग बाह्य रूपावरून ओळखता येत नाहीत. म्हणूनच विक्री किंवा प्रदर्शनापूर्वीच्या आरोग्यतपासणीला महत्त्व आहे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे पुलोरम. साल्मोनेला जिवाणूमुळे होणाऱ्या या रोगात पिल्लांना पांढरी हगवण लागते आणि ती मोठ्या संख्येने दगावतात. त्यातून वाचलेली कोंबडी निरोगी दिसत असूनही रोगवाहक राहू शकते. जिवाणू तिच्या अंडाशयात ठाण मांडतात व अंड्यावाटे पिल्लांत उतरतात. अशी अंडी उबवणीसाठी विकली गेली, की रोग दुसऱ्याच्या खुराड्यात पोहोचतो.

यावरील चाचणी सोपी आहे. पंखाखालच्या शिरेतून घेतलेला रक्ताचा थेंब रंगीत प्रतिजन द्रवात मिसळतात. सुमारे दोन मिनिटांत गुठळ्या दिसल्यास पक्षी संशयित ठरतो. संसर्ग अगदी ताजा असेल, तर ही चाचणी चकवाही देते. म्हणून संशयितांची प्रयोगशाळेत खातरजमा करावी लागते. अमेरिकेत 1935 पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजनेचा पाया हाच रोग होता. तेथे प्रदर्शनातील कोंबड्या रोगमुक्त प्रमाणित कळपातील असाव्या लागतात किंवा त्यांची आधीच्या 90 दिवसांत चाचणी झालेली असावी लागते.

राणीखेत अर्थात मानमोडी या रोगाचे गणित वेगळे आहे. तो विषाणूजन्य असून त्यावर लस हाच भरवशाचा उपाय आहे. लसीनंतर प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी लस टोचून काहीच साधत नाही.

बर्ड फ्लूची भीती सर्वांत मोठी. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला उद्रेक नोंदला गेला आणि कुक्कुट व्यवसायाला जबर फटका बसला. संशयित पक्ष्यांच्या घशातील व गुदमार्गातील स्रावांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले जातात.

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार, अनुसूचित रोगाची लागण झाल्याचे ठाऊक असलेला पक्षी बाजारात, जत्रेत वा प्रदर्शनात आणण्यास मनाई आहे. रोगाची शंका येताच ती कळविणे हे मालकाचे कर्तव्य ठरते. वाहतुकीच्या नियमांनुसार पक्षी संसर्गजन्य रोगापासून मुक्त व प्रवासयोग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखलाही लागतो. शेजारच्या राज्यांतून कोंबड्या येणाऱ्या गोव्यासाठी ही तरतूद विशेष मोलाची आहे.

दाखला मात्र तपासणीच्या दिवसापुरतेच बोलतो. बाजारात एकाच पिंजऱ्यात अनेक ठिकाणचे पक्षी एकत्र आले, की नवा संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे विकत आणलेली, तसेच प्रदर्शनातून परतलेली कोंबडीही किमान तीन आठवडे वेगळी ठेवावी. तिची भांडी स्वतंत्र असावीत आणि तिला दाणापाणी सर्वांत शेवटी द्यावे. या काळात एकाएकी मरतूक झाली, तर उरलेले पक्षी घाईघाईने विकून मोकळे होण्याचा मोह टाळून जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. त्या एका निर्णयावर शेजाऱ्यांची खुराडीही अवलंबून असतात.