बीज, उष्मा आणि अंकुर

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात गर्भोत्पत्ती समजावताना अंकुराचाच दृष्टान्त योजला आहे. ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज या चारांचा संयोग झाला की जसा अंकुर फुटतो, तसाच गर्भ राहतो, हा त्याचा आशय. यांपैकी क्षेत्र, जल आणि बीज यांकडे आपले लक्ष सहज जाते. ऋतू मात्र पंचांगापुरता उरतो. वास्तविक बीजाच्या दृष्टीने ऋतूचा मोठा अंश म्हणजे उष्माच होय.

हिंगणा तालुक्यात कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत शेतकरी बहुसंख्य असल्याने जूनमध्ये नाडीपरीक्षेबरोबर पेरणीचीही चर्चा होते. बी उगवले नाही की दोष प्रथम बियाण्यावर जातो. तो कधी खराही असतो. परंतु तापमानाचा विचार क्वचितच होतो.

बीज पाणी शोषते, त्याचा श्वसनवेग वाढतो, एन्झाइम जागृत होऊन साठवलेल्या पिष्टाचे व स्नेहाचे पचन सुरू होते. यास बीजातील अग्निकर्म म्हटल्यास वावगे ठरू नये. हा अग्नी मंद असता बी जमिनीत कुजते. तीक्ष्ण असता अंकुर वर येण्यापूर्वीच साठा संपू लागतो आणि बुरशीला वाव मिळतो. म्हणून प्रत्येक बीजास किमान, अनुकूल व कमाल अशा तीन मर्यादा असतात. गव्हास २० ते २५ अंश सेल्सिअस मानवते, सोयाबीनला २५ ते ३० अंशांच्या आसपास. कापूस १५ अंशांखाली जवळजवळ उगवतच नाही. आपल्या अश्वगंधेस सुमारे २५ अंश पुरेसे होतात.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा दिवसांत काळ्या जमिनीचा पृष्ठभाग हवेहून कितीतरी अधिक तापतो. पहिल्या सरीवर घाईने पेरलेले बी ओलावते आणि पावसाने दडी मारताच त्याच तापल्या मातीत होरपळते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरावे, या कृषी विभागाच्या सल्ल्याचे मर्म हेच. तेवढ्या पावसाने ओल खोल जाते व जमीनही निवते.

उष्म्याचा दुसरा आघात साठवणीत होतो. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा असा की, साठवणीचे तापमान ५ अंशांनी किंवा बीजातील ओलावा १ टक्क्याने घटला, तर बीजाचे आयुष्य साधारण दुप्पट होते. औषधी लागवड करणाऱ्या फार्मसीचालकांनी टिनाच्या छपराखालील माळ्यावर बियाणे ठेवू नये, ते यासाठीच. कडुनिंबाचे बी तर काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावू लागते. ते पिकताच पेरावे.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. शार्ङ्गधराने विडंग, पिंपळी, धान्य आदी काही द्रव्ये जुनी घेण्यास सांगितले आहे. तो नियम औषधी व आहारी उपयोगाचा. पेरणीस मात्र ताजेच बीज हवे. अहाळीव, मेथी यांसारख्या बीजद्रव्यांची उगवण पाहिल्यास माल किती जुना व कसा साठवलेला, याचा अंदाज येतो. मात्र उगवण म्हणजे वीर्याचे प्रमाणपत्र नव्हे. बावचीचे कवच कठीण असल्याने ताजे बीही सहजी उगवत नाही.

परीक्षा सोपी आहे. सरसकट १०० दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळी करावी आणि ती सावलीत ओलसर ठेवावी. सोयाबीनचे निदान आठवडाभरात होते. त्याच्या प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवण अपेक्षित आहे. याहून कमी भरल्यास प्रमाण वाढवावे. फारच कमी असल्यास बियाणे बदलावे.

२०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी विदर्भ-मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर झाल्या. दुबार पेरणीचे कर्ज घेऊन आलेला रुग्ण अनिद्रेची तक्रार सांगतो, तेव्हा त्याचा हेतू शेतात सापडतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे. मेअखेरीस दवाखान्यात येणाऱ्या शेतकऱ्यास गोणपाटाची ही परीक्षा सांगण्यास दोन मिनिटे पुरतात; वैद्यबंधूंनी ती अवश्य द्यावीत.