वेळ राखणे आणि वेळ दाखविणे : मनगटी घड्याळाच्या सदा उजळ पडद्याविषयी

‘किती वाजले?’ असे आपण मराठीत विचारतो आणि ‘साडेपाच वाजले’ असे उत्तर देतो. या प्रयोगातील वेळ दिसत नाही, ती वाजते. तळाशी छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यात बुडाले की थाळीवर ठोका द्यावयाचा, हा जुना प्रघात या क्रियापदात अद्यापि जिवंत आहे. घटिका चोवीस मिनिटांची. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत वेळ जात असे हे खरे, पण तिची वार्ता लोकांपर्यंत पोहोचत नसे. ‘घड्याळ’ या शब्दात हीच घटी दडलेली आहे. हिंदीतील ‘घड़ियाल’ तर ठोक्याच्या थाळीचेच नाव आहे. पुढे तबकडी आली, काटे आले, वेळ अष्टौप्रहर डोळ्यांसमोर उभी राहिली. तथापि भाषेने आपले क्रियापद बदलले नाही.

हा शब्दविचार आरंभी करण्याचे कारण असे की, वेळ अधूनमधून कळवावी की सतत समोर ठेवावी, हा घटिकापात्राच्या काळचा प्रश्न आज स्मार्टवॉचच्या निमित्ताने पुन्हा उपस्थित झाला आहे. या घड्याळात एक सोय असते. तिला ‘ऑल्वेज-ऑन डिस्प्ले’ म्हणतात. ती चालू केली तर पडदा मंद का होईना, पण सदैव उजळलेला राहतो. बंद ठेवली तर पडदा काळा असतो आणि मनगट उचलून वळविले म्हणजेच उजळतो. पहिल्या पक्षी बॅटरी लवकर संपते, दुसऱ्या पक्षी वेळ मागून घ्यावी लागते. आमच्या विभागातील विद्यार्थ्यांत यावर बराच वाद चालतो. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाविज्ञान. तेव्हा या वादात पडण्याचे त्याला कारण नव्हते. ते कारण गिरगावातील खोताच्या वाडीत मिळाले.

दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावावरून ओळखली जाणारी ही वाडी. लाकडी ओटे, बाहेरून चढणारे जिने, कौलारू छपरे आणि दोन माणसे शेजारून जाताना अंग चोरतील अशा गल्ल्या. एके काळी पासष्टच्या आसपास असलेली येथील जुनी घरे आता तिसाच्या आत आली आहेत. येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची मराठी बोली हा लेखकाच्या अभ्यासाचा विषय आहे. पोर्तुगीज शब्द प्रमाण मराठीतही आहेतच, ज्या ‘चावी’ने आपले वडील रोज सकाळी घड्याळ भरीत, तो शब्दही पोर्तुगीजांचाच, पण या बोलीत ते अधिक खोल रुजले आहेत.

तेथील एका वृद्ध बाई लग्नाच्या आदल्या दिवशीच्या ‘उंबराच्या पाण्या’चा विधी सांगत होत्या. विहिरीवर कोणी पुढे जावयाचे, वाजंत्री कोठे थांबावयाची, कोणत्या नात्याच्या बाईने काय म्हणावयाचे, असे बारीकसारीक तपशील ओघाने येत होते. आणि त्या ओघातच क्रियापदांची अशी रूपे येत होती की जी प्रश्नावली पुढे ठेवून कधीच मिळत नाहीत. ध्वनिमुद्रण किती वेळ झाले हे पाहावे म्हणून लेखकाने मनगट उचलून वळविले. खिडक्यांच्या झडपा लावलेल्या त्या अंधाऱ्या दिवाणखान्यात पडदा भपकन उजळला. बाई थांबल्या. तुला उशीर होत असेल, असे त्या अगदी मायेने म्हणाल्या आणि चहा टाकावयास उठल्या. पुढल्या दोन भेटींत तोच विषय काढला, तेव्हा विहिरीवर जातात, पाणी आणतात, इतकेच उत्तर मिळाले. कथनाचा सारांश झाला होता.

समोरचा माणूस बोलत असता घड्याळाकडे पाहणे हा संभाषण आटोपण्याचा संकेत आहे, हे प्रत्येक भाषिक जाणतो. जुन्या काट्यांच्या घड्याळात मात्र हे पाहणे लपविता येत असे. हात मांडीवर जसाच्या तसा ठेवून डोळे क्षणभर खाली वळविले की काम भागे. मनगट उचलावयास लावणारे घड्याळ खाजगी दृष्टिक्षेपाचे जाहीर हावभावात रूपांतर करते आणि त्यावर उजेडही पाडते. त्या दिवशी घरी येताच लेखकाने सदा उजळ पडद्याची सोय चालू केली. दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास घड्याळ मान टाकून मोकळे झाले. असे का व्हावे, याचा शोध घेताना जे हाती आले ते येथे मांडावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, वेळ राखण्यास वीज जवळजवळ लागतच नाही. क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की एक उरतो, म्हणजेच सेकंदाचा एक ठोका मिळतो. शर्टाच्या बटणाहून लहान अशा बॅटरीत सुमारे २८ मिलिअँपिअर-तास वीज असते आणि तीवर काट्यांचे घड्याळ दोन वर्षे सहज चालते. गणित केल्यास ही सरासरी अडीच मायक्रोवॅटच्या आसपास येते. उलटपक्षी, स्मार्टवॉचमधील ३०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी एका दिवसात संपत असेल, तर सरासरी खर्च ४८ मिलिवॅटच्या आसपास पडतो. म्हणजे सुमारे वीस हजार पट! हा सगळा खर्च पडद्याचा नव्हे. आतील प्रक्रियक, फोनशी चालणारे बिनतारी संभाषण, नाडी मोजणारे दिवे यांचाही त्यात वाटा आहे. परंतु पडद्याचा वाटा मोठा, आणि विशेष म्हणजे तो वापरणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून आहे.

काट्यांना दिसण्यासाठी काहीच खर्च का येत नाही? कारण ते परप्रकाशी आहेत. शाळेत आपण शिकतो की सूर्य स्वयंप्रकाशी आणि चंद्र परप्रकाशी. तोच भेद येथे लावावा. काटा जेथे आहे तेथे तो आपोआप टिकतो आणि त्यावर पडणारा उजेड सूर्याचा वा खोलीतील दिव्याचा असतो. स्मार्टवॉचचा पडदा बहुधा ओएलईडी जातीचा असतो. त्यातील प्रत्येक ठिपका स्वतःच्या उजेडाने दिसतो, आणि त्या उजेडाचे मोल बॅटरीला द्यावे लागते.

हा पेच नवा नाही. हॅमिल्टन कंपनीने १९७२ साली ‘पल्सर’ नावाचे आकडी मनगटी घड्याळ विक्रीस आणले, तेव्हा त्यातील लाल दिव्यांचे आकडे इतकी वीज खात की ते सतत लावून ठेवणे अशक्य होते. बटण दाबले की आकडे क्षणभर दिसत, मग पुन्हा काळोख. वेळ पाहण्यासाठी दुसरा हातही गुंतवावा लागे. हातात पिशवी असलेल्या माणसाला त्या महागड्या घड्याळाचा काय उपयोग? लौकरच द्रवस्फटिकांचे, म्हणजे एलसीडी आकडे आले. ते परप्रकाशी असल्याने सदैव दिसत. बटणाचे घड्याळ मागे पडले. पुढे रंगीत, चित्रे दाखविणारा पडदा मनगटावर आला तो स्वयंप्रकाशी. त्यामुळे पल्सरचा काळोखही परत आला, फक्त बटणाची जागा मनगट वळविण्याने घेतली.

पडदा सदा उजळ ठेवूनही बॅटरी दिवसभर पुरावी, यासाठी अभियंत्यांनी दोन दिशांनी काटकसर केली. एक उघड दिसते: ओएलईडीत काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. म्हणून सदा उजळ अवस्थेतील तबकडी काळी असते आणि आकडे बारीक रेषांचे व मंद. (चाळिशी लागलेल्या लेखकास या बारीक रेषा पुष्कळदा दिसत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) दुसरी काटकसर आतली आहे. प्रत्येक ठिपका किती उजळावा, हे एका सूक्ष्म विद्युत्भाराच्या रूपाने साठविलेले असते. हा भार फुटक्या मडक्यातील पाण्याप्रमाणे हळूहळू पाझरतो. म्हणून तो सेकंदाला साठ वेळा पुन्हा भरावा लागे, चित्र जराही बदललेले नसले तरी. ज्यातून पाझर फार कमी होतो अशा ऑक्साइड ट्रान्झिस्टरांची जोड देऊन एलटीपीओ नावाचा पडदा तयार करण्यात आला. त्याला सेकंदातून एकदा भरले तरी चालते. ॲपलच्या घड्याळात सदा उजळ पडदा प्रथम २०१९ च्या पाचव्या मालिकेत आला तो याच्या बळावर. आणि कंपनीने सांगितलेली अठरा तासांची मुदत तेव्हा आधीच्या मालिकेइतकीच राहिली.

तथापि काटकसर म्हणजे फुकट नव्हे. सॅमसंगने २०२३ साली आणलेल्या ‘गॅलॅक्सी वॉच ६’ साठी स्वतःच दोन आकडे दिले: ही सोय बंद असता ४० तासांपर्यंत, चालू असता ३० तासांपर्यंत. पहिल्या पक्षी तासाला बॅटरीचा चाळिसावा हिस्सा खर्च होतो, दुसऱ्या पक्षी तिसावा. वजाबाकी केली असता एकशेविसावा हिस्सा उरतो. तो सदा उजळ पडद्याचा तासाचा खर्च. हा हिशेब ढोबळ असला तरी त्यातून एक गोष्ट निघते, आणि ती वादात बहुधा सुटून जाते. हा खर्च टक्केवारीने वाढणारा नसून दर तासाला ठराविक रकमेने वाढणारा आहे. घरभाड्यासारखा! तेव्हा तो किती जाचेल हे बाकीच्या खर्चावर ठरते. जे घड्याळ मुळातच उधळे आहे, त्याचे चाळीस तासांचे तीस होतात. पण तेवढीच बॅटरी असलेले एखादे मितव्ययी घड्याळ दहा दिवस, म्हणजे २४० तास चालत असेल, तर हेच भाडे भरून ते ८० तासांवर येईल. चार दिवसांतून एक गमावणे आणि दहा दिवसांतून पावणेसात गमावणे यांत मोठे अंतर आहे. ‘माझ्या घड्याळाला काही फरक पडत नाही’ असे जो म्हणतो त्याचे घड्याळ बहुधा आधीच रोज रात्री चार्जरवर पडत असते.

परप्रकाशी मार्ग पूर्णपणे सुटला असेही नाही. २०१३ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागलेल्या ‘पेबल’ घड्याळात प्रत्येक ठिपक्याजवळ स्वतःची स्मृती असलेला एलसीडी होता. एकदा काळा म्हटले की तो ठिपका फारशी वीज न घेता काळाच राही. पडदा सदैव दिसे आणि बॅटरी दिवसांच्या हिशेबाने टिके. गार्मिनच्या काही घड्याळांत याच तत्त्वाचा रंगीत पडदा आहे. खोताच्या वाडीत या दोन जातींची परीक्षा शंभर पावलांत होते. भर दुपारी गल्लीतील उन्हात परप्रकाशी पडदा सर्वांत स्वच्छ वाचता येतो, तर ओएलईडीला उन्हावर मात करण्यासाठी उजेड वाढवावा लागतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. ओटा चढून झडपांच्या दिवाणखान्यात शिरले की उलटे होते: परप्रकाशी पडदा राखाडी पडून मिटतो आणि ओएलईडी मंद असूनही वाचता येतो. लेखकाचे काम दिवाणखान्यातले. तेव्हा निवडीचा प्रश्न तेथेच मिटला.

मनगट उचलण्याचा खर्चही हिशेबात धरला पाहिजे. दिवसातून शंभर वेळा पडदा पाच-पाच सेकंद उजळला तर ती सगळी मिळून साडेआठ मिनिटेही होत नाहीत. पूर्ण उजेडात असली तरी सोळा तासांच्या मंद उजेडापुढे ती सहसा स्वस्तच पडतात. पण हालचाल ओळखणारे यंत्र चुकते. बसमध्ये दांडा धरला, केस मागे सारले, झोपेत कूस बदलली, की पडदा उगाच उजळतो. आणि खरोखर पाहावयाचे असते तेव्हा हात दोनदा झटकावा लागतो.

येथे आपल्या भाषेतील एक अडचणही नोंदवून ठेवतो. ‘घड्याळ बंद आहे’ या वाक्याचा अर्थ पूर्वी निःसंदिग्ध होता: काटे थांबले आहेत, चावी द्या. आज तेच वाक्य बॅटरी संपली असता म्हणतात आणि केवळ पडदा काळा असतानाही म्हणतात; दुसऱ्या प्रसंगी घड्याळ आत अचूक चालू असते. चालणे आणि दिसणे यांची जी एकरूपता काट्यांनी आपल्याला गृहीत धरावयास शिकविली, ती मुळात अपवादात्मक होती. फोर्टमधील राजाबाई मनोऱ्याची याबाबत एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. १८७८ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली. त्यांच्या मातोश्री राजाबाई अंध होत्या आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नेम पाळीत. कोणाला न विचारता त्यांना वेळ कळावी म्हणून हे घड्याळ, असे सांगतात. तिला तबकडीचा उपयोग नव्हता, टोलाचा होता. आख्यायिका खरी असो वा नसो, ‘न विचारता कळणे’ हे तिचे मर्म आहे, आणि सदा उजळ पडद्याचे भाडे आपण भरतो तेही त्याच सोयीसाठी.

लेखकाने आता अशी व्यवस्था ठेवली आहे की सोय एरवी बंद, आणि वाडीत शिरताना ओट्याखालीच चालू करावयाची. दोन-अडीच तासांच्या बैठकीत, वरील हिशेबाने, बॅटरीचा जेमतेम पन्नासावा हिस्सा खर्ची पडतो. हात मांडीवरून हलत नाही. बाई आता घरांच्या विक्रीविषयी, पावसाळ्यात गळणाऱ्या कौलांविषयी मोकळेपणी बोलतात आणि ध्वनिमुद्रणे लांबत चालली आहेत. उंबराच्या पाण्याचे ध्वनिमुद्रण मात्र एकविसाव्या मिनिटाला, वाजंत्री विहिरीपाशी थांबलेली असताना, तुटते ते तुटतेच.