पुरोहिताविना मंगलकार्य

लाटंबार्से गावात आपण एकाच जोडप्याचे लग्न दोनदा लावतो: एकदा डिचोलीच्या नागरी नोंदणी कार्यालयात, एकदा मंडपात. कायद्याच्या लेखी खरे लग्न पहिले. २५ डिसेंबर १९१० च्या पोर्तुगीज कायद्याने विवाह हा नागरी करार ठरवला. गोव्यात ती रीत आजही चालते. आधी इच्छेची नोंद, मग मुदतीनंतर साक्षीदारांसमोर सह्या. तिथे मुहूर्त लागत नाही, पुरोहितही लागत नाही.

पण सहीने हक्क मिळतात, गणगोताची साक्ष मिळत नाही. जोतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच डिसेंबरात पुरोहिताविना पहिला विवाह लागला. फुल्यांनी पुरोहित वगळला, सोहळा ठेवला. १८८७ साली त्यांनी मराठी मंगलाष्टकांसह विधींचे पुस्तकच काढले. त्यात वधूवर एकमेकांशी बोलतात, वचन देतात.

उद्या घरातल्या मुलीने ‘सह्या पुरेत’ म्हटले, तर तिला अडवणारा कायदा नसेल. अडवणारे आपणच असू. तेव्हा सह्यांच्या दिवशी आपण सहकुटुंब जावे, चार शब्द बोलावे, अक्षता टाकाव्यात. तिचे कार्य मंगल होण्यास एवढे पुरे.