पोलादाच्या धातुमळीचे रासायनिक उत्तेजन

शुद्ध चुनखडी भाजली असता तिच्या वजनाचा ४४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो. धातुमळीतील चुना पूर्वीच भाजलेला असतो. सिमेंटचा पर्याय म्हणून तिचे महत्त्व यातच आहे.

परंतु सर्व धातुमळ्या एकजात नसतात. झोतभट्टीतील मळी पाण्याने एकदम थिजविली म्हणजे काचरूप होते, व चुन्याच्या सान्निध्यात घट्ट होते. हा गुण एमिल लांगेन यांनी १८६२ मध्ये दाखविला. आपल्याकडील चुना-सुरखीची क्रियाही याच जातीची होय. पोलादाची मळी मात्र सावकाश निवते. स्फटिकांच्या प्राबल्यामुळे ती मंद राहते. बारीक दळून तीत सोडियम सिलिकेट वा सोडियम हायड्रॉक्साइड मिसळल्यास सिलिका विरघळते आणि कॅल्शियमशी संयोग पावून बंधक द्रव्य तयार होते.

येथेच सावधगिरी हवी. मळीतील मुक्त चुना बांधकाम घट्ट झाल्यानंतर पाण्याशी संयोग पावतो, त्याचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते व भिंत तडकते. यास्तव मळी आधी मुरवावी, अथवा तिच्यावर वाफेची वा कार्बन डायऑक्साइडची प्रक्रिया करावी.

रायगड जिल्ह्यातील डोलवी येथील पोलाद-कारखान्याची प्रक्रिया केलेली मळी मुंबई–गोवा महामार्गाच्या एका तुकड्यात खडीऐवजी वापरली गेली. २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तथापि खडी होणे निराळे आणि बंधक होणे निराळे. अल्कलीने सामर्थ्य लवकर येते. टिकाऊपणाचा निर्वाळा मात्र प्रसरणाच्या चाचणीनंतरच द्यावा.