संगणकाचा खोळंबा

लिहिता लिहिता वाक्याच्या ऐन मध्यावर अक्षरे उमटायची थांबावीत, बाण पडद्यावर हिंडता असूनही त्याच्या हुकमाला कोणतीही विंडो दाद देऊ नये, सर्वपरिचित निळे वर्तुळ फिरू लागावे, आणि आपण हताश होऊन कळफलकावरून हात काढतो न काढतो तोच मघापासून टंकलेली वीस-पंचवीस अक्षरे एकदम पडद्यावर येऊन पडावीत, हा अनुभव ज्याच्या वाट्याला कधीच आला नाही असा लॅपटॉपधारक विरळाच. गेल्या पावसाळ्यात माझ्या सहा वर्षे वापरलेल्या यंत्राला या व्याधीने ग्रासले. त्याच सुमारास दुसरी तक्रार उद्भवली: फाइलवर माउसची उजवी कळ दाबली की जो मेनू डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उघडावयाचा, त्याला इतका वेळ लागे की तेवढ्यात उठून पाण्याचा तांब्या भरून आणता यावा. यंत्र एका दुकानात दाखविले, तेथे उभ्याउभ्याच निकाल मिळाला: "जुना झालाय, फॉरमॅट मारून घ्या, रॅम वाढवा." सल्ला देणाऱ्याच्या हेतूविषयी मला शंका नाही, परंतु आरोपीची जबानीही न घेता दिलेल्या त्या निकालाने माझे समाधान झाले नाही, आणि मी यंत्र घरी परत आणले.

आपण अशा यंत्राला सरसकट 'स्लो' म्हणतो. वास्तविक मंद गती आणि खोळंबा या दोन भिन्न अवस्था आहेत. कचेरीतील कारकून सावकाश लिहीत असेल, तर सर्वच कागद सावकाश निघतात. परंतु कारकून चपळ असून दप्तरखान्यातून एक कागद यावयाचा राहिला म्हणून तो हातावर हात ठेवून बसला असेल, तर बाहेर ताटकळणाऱ्याला तोही आळशीच भासतो, आणि त्याच्या जागी दुप्पट चपळ कारकून नेमला तरी रांग तसूभर पुढे सरकत नाही. लॅपटॉपमधील प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी आवर्तने करणारा कारकून आहे, आणि खोळंब्याच्या काळात तो बहुतांशी रिकामा बसलेला असतो. तेव्हा यंत्राच्या शक्तीची विचारपूस करण्याआधी, या घटकेला ते कोणाची वाट पाहत आहे, हे विचारले पाहिजे.

कळ दाबली किंवा माउस हलविला की त्याची वर्दी विंडोज संबंधित प्रोग्रामच्या नावे एका रांगेत दाखल करते, आणि प्रोग्रामचा एक धागा त्या वर्द्या क्रमाने उचलून त्यांचा निकाल लावीत असतो. हाच धागा एखादी फाइल आणावयास डिस्ककडे गेला आणि तेथेच अडकून पडला, तर मागच्या वर्द्या साचत राहतात. त्या नष्ट होत नाहीत, आणि म्हणूनच खोळंबा सुटताच मघाची अक्षरे लोंढ्यासारखी बाहेर पडतात. पाच सेकंदांपर्यंत प्रोग्राम रांगेकडे फिरकलाच नाही, तर विंडोज त्याच्या विंडोची फिकट प्रतिमा पडद्यावर ठेवते आणि शीर्षकपट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असा शेरा मारते. हा गैरहजेरीचा शेरा आहे, मृत्यूचा दाखला नव्हे. तो वाचताच घाईने प्रोग्राम बंद करणारे कित्येकजण तासाभराचे लिखाण हकनाक गमावतात, याचे मला फार वाईट वाटते.

मी एक वही केली. तीत दिनांक, वेळ, घड्याळाने मोजलेली खोळंब्याची मुदत, त्या वेळी चाललेले काम, चार्जर जोडलेला होता की नव्हता, आणि यंत्राचा तळ तापलेला होता की थंड, इतक्या नोंदी करू लागलो. आठवड्याभराने ती वही वाचताना जे दिसले त्याने सारी चौकशीच बदलली. लिहिताना येणारा खोळंबा कधी सात सेकंदांचा, कधी अठरा, तर एकदा चाळीस सेकंदांचा होता. उजव्या कळीचा मेनू मात्र दर वेळी एकवीस सेकंदांनी उघडत होता, विसांनी नव्हे की बाविसांनी नव्हे. बदलती मुदत ही झिजणाऱ्या, घासणाऱ्या, तापणाऱ्या पदार्थाची खूण आहे. जी कधीच बदलत नाही, ती मुदत कोणा मनुष्याने प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेली असते. एकाच देहात दोन स्वतंत्र रोग एकाच वेळी प्रकटले होते आणि मी त्यांना एकच समजत होतो.

पहिल्या रोगाचे स्वरूप कळण्यासाठी यंत्राच्या पोटातील कालमान ध्यानात घ्यावे लागेल. रॅममधून एखादी वस्तू आणावयास साधारण १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. आपल्या सोयीसाठी या अवधीला एक सेकंद मानू. त्या मापाने एसएसडीकडून तीच वस्तू आणावयास सुमारे सतरा मिनिटे लागतील. माझ्या यंत्रात होती तशी, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी फिरती हार्ड डिस्क असेल, तर वाचक-शीर्ष योग्य वर्तुळावर जाऊन हवी ती जागा त्याच्याखाली फिरून येईपर्यंत पंधराएक मिलिसेकंद जातात. आपल्या मापाने पावणेदोन दिवस! एवढे मोठे अंतर असूनही यंत्र सामान्यतः तत्पर वाटते, याचे श्रेय पुढे लागणाऱ्या वस्तू आधीच रॅममध्ये आणून ठेवणाऱ्या व्यवस्थेचे आहे. परंतु तबकडीवरील एखादा विभाग वाचताच येईनासा झाला आणि डिस्क त्याच्यापाशी दहा सेकंद अडून बसली, तर त्या मापाने प्रोसेसर तीन वर्षांहून अधिक काळ वाट पाहत राहतो.

डिस्क अशी का अडते? तबकडीवरील मजकूर सेक्टर नावाच्या छोट्या विभागांत साठविलेला असतो, आणि प्रत्येक विभागासोबत त्याची ताडणी व किरकोळ दुरुस्ती करता येईल असे संकेत लिहिलेले असतात. पृष्ठभागाचा कण उडाला किंवा चुंबकीय खूण क्षीण झाली, आणि चूक दुरुस्तीच्या मर्यादेबाहेर गेली, तर घरगुती वापराची डिस्क सहजासहजी हार मानीत नाही. शीर्ष किंचित इकडे, किंचित तिकडे सरकवून ती तोच विभाग पुन्हा पुन्हा वाचून पाहते. सेकंदाला ९० फेरे याप्रमाणे दहा सेकंदांत ती जागा ९०० वेळा शीर्षाखालून जाते. यात यश आले तर आपल्याला केवळ एक खोळंबा जाणवतो आणि मजकूर हाती येतो. तिची ही चिकाटी आपल्या मजकुराच्या रक्षणासाठीच असते, हे लक्षात आल्यावर माझा तिच्यावरील राग पुष्कळ निवळला.

याचा पुरावा यंत्राच्याच दप्तरी असतो. खोळंबा चालू असताना टास्क मॅनेजर उघडा असला, तर डिस्क शंभर टक्के व्यग्र आणि मजकुराची ने-आण मात्र जवळजवळ शून्य, असे विसंगत चित्र दिसते. इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची रोजकीर्द होय. तीत 'डिस्क' या नावापुढे क्रमांक ७ म्हणजे नादुरुस्त विभाग आणि क्रमांक १५३ म्हणजे पुन्हा करावी लागलेली मागणी, अशा नोंदी वेळेनिशी आढळतात. माझ्या वहीतील वेळा त्या रोजकीर्दीशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या मिनिटामिनिटाने जुळल्या. शिवाय डिस्क स्वतःही 'स्मार्ट' या व्यवस्थेखाली आपल्या प्रकृतीचे आकडे राखते. त्यांत संशयित विभागांची आणि राखीव जागेत हलविलेल्या विभागांची संख्या सर्वाधिक बोलकी असते. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो, असे त्यांना दिसले. त्याच अभ्यासात निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी या प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखविले नव्हते. म्हणून वाईट आकडे दिसल्यास ते खरे मानावेत, पण चांगल्या आकड्यांवर विसंबून राहू नये.

आता त्या 'फॉरमॅट मारून घ्या' या सल्ल्याचा विचार करू. तो मानला असता, तर बहुधा गुण आला असता! नव्याने लिहिताना डिस्कने काही संशयित विभाग राखीव जागेत हलविले असते, नवी विंडोज तबकडीच्या दुसऱ्या भागात जाऊन बसली असती, आणि मेनूचा विकारही, ज्याचे कारण पुढे सांगतो, पुसला गेला असता. दोन्ही लक्षणे नाहीशी, दोन्ही पुरावे नष्ट, आणि झिजत चाललेली डिस्क मात्र जागच्या जागी. काही महिन्यांनी ती कायमची बंद पडली असती, तेव्हा तिच्यासोबत काय काय गेले असते याची कल्पना करवत नाही. म्हणून ज्याला डिस्कविषयी तिळमात्र संशय येईल त्याने दुरुस्तीचा कोणताही प्रोग्राम चालविण्यापूर्वी, प्रथम, आपल्या मजकुराची प्रत दुसऱ्या ठिकाणी घ्यावी, असे मी कळकळीने सांगतो. कारण दुर्बळ डिस्कला दुरुस्तीच्या नावाखाली तासन्‌तास राबविणे हेच तिच्या अंताचे निमित्त होऊ शकते.

इतर संशयितांची झडती थोडक्यात झाली. पंख्याच्या वाटेत धूळ साचून यंत्र तापले की प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपली गती उतरवतो. पण त्यामुळे सारेच काम सावकाश होते, एकाएकी ठप्प होऊन एकाएकी सुटत नाही, आणि माझे खोळंबे पहाटेच्या गारव्यातही येत होते. रॅम अपुरी पडल्यास यंत्र तिच्यातील पाने डिस्कवर नेऊन ठेवते आणि हवी तेव्हा परत आणते. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाने १९६२ साली रूढ केलेल्या या युक्तीचा अतिरेक झाला की यंत्राचा सारा वेळ पानांच्या ने-आणीतच जातो, याची मीमांसा पीटर डेनिंग यांनी १९६८ साली केली आहे. माझी निम्मी रॅम रिकामी होती, तेव्हा ती वाढवून काहीच साधले नसते.

अनियमित दिसणाऱ्या दोषामागे कित्येकदा एखादे काटेकोर घड्याळ दडलेले असते. क्रूशल या नावाने विकल्या गेलेल्या एम४ एसएसडीत असा दोष निघाला की तिच्या वापराचे एकूण ५१८४ तास, म्हणजे बरोबर २१६ दिवस भरले की ती निरुत्तर होई; यंत्र बंद करून सुरू केल्यावर तासभर चाले आणि पुन्हा थांबे. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने तिच्या अंतर्गत प्रोग्रामची सुधारित आवृत्ती दिली. मार्च २०२२ मध्ये एएमडीने मान्य केले की आपल्या काही रायझन प्रोसेसरांवर, सुरक्षेचा एक भाग मदरबोर्डवरील मेमरीशी मधूनमधून व्यवहार करीत असताना, सबंध यंत्र क्षणभर थबकते. त्यावर उपाय बायॉसच्या नव्या आवृत्तीत निघाला. या दोन्ही प्रकरणांत फॉरमॅट कितीदाही मारला असता तरी उपयोग शून्य होता.

माझ्या यंत्रासाठी मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक एसएसडी आणली आणि जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर उतरविली. काही फाइली वाचता आल्या नाहीत. सुदैवाने त्यांच्या प्रती अन्यत्र होत्या. लिहिण्यातील खोळंबे त्या दिवसापासून बंद झाले. मेनू मात्र एवढ्या वेगवान डिस्कवरही बरोबर एकवीस सेकंदांनीच उघडत राहिला, आणि दोन रोग भिन्न असल्याचा यापेक्षा निर्णायक दाखला मिळणे कठीण होते.

उजव्या कळीचा मेनू एकटी विंडोज तयार करीत नाही. विंडोज ९५ पासून इतर प्रोग्रामांना त्यात आपली ओळ घालण्याची मुभा आहे. कळ दाबताच विंडोज अशा प्रत्येक जोड-प्रोग्रामला विचारते, आणि सर्वांची उत्तरे येईपर्यंत मेनू काढीत नाही. एकाने उत्तर देण्यास विलंब केला की सर्व पंगत खोळंबते. 'शेलएक्सव्ह्यू' या छोट्या प्रोग्रामने त्यांची यादी मिळते आणि एकेक तात्पुरता बंदही करता येतो. माझ्याकडे असे सोळा होते. निम्मे बंद करावेत, मेनू पाहावा, दोषी निम्म्यांचे पुन्हा निम्मे करावेत. अशा चार चाचण्यांत गुन्हेगार सापडला. तो एका जुन्या बॅकअप प्रोग्रामचा भाग होता. प्रत्येक फाइलची प्रत माझ्या पूर्वीच्या कार्यालयातील सर्व्हरवर आहे काय, हे तो दर वेळी विचारावयास जाई, आणि तो सर्व्हर तर केव्हाच मोडीत निघाला होता. नेटवर्कवर हाक मारून उत्तर न आल्यास माझ्या यंत्रातील विंडोज तीन सेकंद थांबते, पुन्हा हाक मारून सहा सेकंद, तिसऱ्यांदा हाक मारून बारा सेकंद, आणि मग नाद सोडते. तीन, सहा आणि बारा मिळून एकवीस.

तो प्रोग्राम काढून टाकल्यावर मेनू तत्क्षणी उघडू लागला. त्यातील एखाद्या ओळीवर बाण नेला असता तिचा उपमेनू उघडण्यापूर्वी एक बारीकसा थांबा अजूनही जाणवतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'मेनू शो डिले' या नावापुढे त्याची मुदत ४०० मिलिसेकंद अशी लिहिलेली आहे. हात तिरका सरकताना वाटेतले सगळेच उपमेनू अकारण उघडत जाऊ नयेत, अशी ती योजना दिसते. ती मुदत कमी करता येते. मी ती होती तशीच राहू दिली आहे.