गव्हांकुराचा पेला आणि थॅलेसेमिया

गोविंदपुऱ्याच्या भेल वसाहतीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना सीहोरच्या शरबती गव्हाचे कौतुक नवे नाही. तोच गहू कुंडीत पेरून त्याच्या कोवळ्या अंकुरांचा रस घेतला जातो, तेव्हा डॉक्टरांनी आपुलकीने विचारावे, 'हा रस कोणासाठी?' घरात थॅलेसेमिया मेजरचे मूल असेल, तर त्या पेल्यात आईवडिलांची सारी आशा साठलेली असते.

ही आशा अगदीच निराधार नव्हती. चंदीगडच्या पीजीआयमधील डॉक्टरांनी २००४ साली 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये एक प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. नियमित रस घेणाऱ्या १६ रुग्णांपैकी ८ जणांची रक्ताची गरज घटल्याचे त्यात नमूद होते. मात्र रुग्णसंख्या अत्यल्प होती आणि पुढील अभ्यासांत तो लाभ ठामपणे सिद्ध झाला नाही.

हरितद्रव्याला 'हिरवे रक्त' म्हणण्याची प्रथा आहे. हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम, तर हीमच्या केंद्रस्थानी लोह. एवढे रचनासाम्य खरे. परंतु बीटा थॅलेसेमियात दोष हीममध्ये नसून ग्लोबिनची साखळी घडविणाऱ्या जनुकात असतो. तो दोष कोणताही रस दूर करीत नाही.

खरा धोका रसाचा नव्हे. त्याच्या भरवशावर उपचार सुटण्याचा आहे. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून शरीरात सुमारे २०० मिलिग्रॅम लोह येते आणि शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकते. उरलेले लोह हृदय व यकृतात साठते. म्हणून डेफेरासिरॉक्ससारखे लोह काढणारे औषध चुकवू नये. 'रक्त वाढावे' म्हणून दिलेली लोहयुक्त टॉनिके आणि सल्ल्याविना घेतलेले क जीवनसत्त्वाचे मोठे डोस अपायकारक ठरू शकतात. याउलट जेवणासोबतचा साधा चहा अन्नातील लोहाचे शोषण कमी करतो. अर्थात तो औषधाची जागा घेत नाही.

माझी व्यवसायबंधूंना विनंती आहे, की रसाचे नाव निघताच पालकांवर रागावू नये. रागावल्यास ते रस सोडत नाहीत, फक्त सांगणे सोडतात. आणि वाचकहो, पत्रिका जुळविताना हिमोग्लोबिन ए-टूची तपासणीही करून घ्यावी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाधित अपत्याची शक्यता २५ टक्के असते. ते आधी कळले, तर पुढचे निर्णय विचारपूर्वक घेता येतात.